पुढे चाल

अर्थ : समोरचा खेळाडू उतरलाच नाही म्हणून न खेळता मिळालेला विजय. वर्तमानपत्रवाले ‘पुढे चाल’ लिहितात. मैदानावर सगळे वॉकओव्हरच म्हणतात.

वाक्यात उपयोग : बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यात थोरलीला धाकटीकडून पुढे चाल मिळाली.

वाक्य बरोबर आहे. पण पुन्हा लिहू.

सकाळी धाकटीला ताप आला. म्हणजे बाबांनी तसं सांगितलं. बाबा रॅकेटना तारा ओढून देतात. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. थोरली चहा घेऊन तिथे गेली तेव्हा ते धाकटीच्या रॅकेटच्या तारा कापत होते, मधून सुरुवात करून कडेकडे, म्हणजे चौकट वाकत नाही. अंग तापलंय तिचं, आज काही खेळत नाही ती, असं मान वर न करता म्हणाले. आत धाकटी दुसऱ्यांदा नाश्त्याला बसली होती. ताप बराच भुकेला दिसतोय, एवढंच आई म्हणाली.

संघात जागा एकच, हा सामना जिंकणारीला. पुढच्या वर्षी थोरली वयोगटात बसणार नव्हती. धाकटीपाशी अजून वर्षं पडलेली. घरात हे कुणी बोललं नव्हतं, म्हणून तर सगळ्यांना ठाऊक होतं. न बोललेलं आणखी एक होतं. गेले कित्येक महिने सरावात थोरली धाकटीला एकदाही हरवू शकली नव्हती.

उगम : वॉकओव्हर हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. शर्यतीत एकच घोडा उरला तरी बक्षीस घरपोच मिळत नसे. खोगीर घालून, स्वार बसवून त्याला पंचांसमोरून न्यावं लागे. धावायची गरज नाही. नुसतं चालायचं. लोकांदेखत.

थोरलीने पंचांना विचारून पाहिलं, कागदावरच लिहून टाकलं तर चालणार नाही का. पंच म्हणजे तिथल्या सगळ्या मुलांचे काका. ते म्हणाले, नाही बाळ, गणवेशात कोर्टवर उभं राहावं लागतं, वेळ संपेपर्यंत.

धाकटी प्रेक्षकांत, अगदी मागच्या रांगेत, घरच्या कपड्यांत बसली होती. थोरली आपली जादाची रॅकेट घेऊन पायऱ्या चढून वर गेली.

“ऊठ. बाबांशी मी बोलते.”

“बाबांना मीच सांगितलं, ताई. ते तर नकोच म्हणत होते.”

“का पण?”

धाकटी ताईने पुढे केलेल्या रॅकेटच्या मुठीची सुटलेली पट्टी गुंडाळत राहिली.

“तू हरलेली मला बघवलं नसतं.”

बाबांशी भांडायची थोरलीची तयारी होती. याची नव्हती. कशावरून हरले असते, हे तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं, कारण धाकटी यावर गप्प बसली असती.

मीही नाही उतरले तर, असं तिने विचारलं. मग जागा तिसऱ्याच कुणाला तरी, धाकटी म्हणाली, आणि माझा ताप फुकट. हे म्हणताना ती हसली. थोरलीला हसता आलं नाही.

खालून पंचांनी पुकारलं.

वाक्यात उपयोग : ती उतरली.

जाळीपलीकडे रिकामं कोर्ट. धाकटी सर्व्हिस नेहमी खोल टाकते, म्हणून थोरली नकळत दोन पावलं मागे सरकून वाकून उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तरी ती सरळ झाली नाही.

वेळ संपली. पंचांनी तिच्या बाजूने हात केला. टाळ्या एकटी धाकटी वाजवत होती, आणि अगदी मनापासून.