चिमूटभर जास्तीचं शिसं

माप मारलं म्हणून माणूस धरतात, हे म्हाईत होतं. जास्त माप दिलं म्हणून धरलेला माणूस मी एकच बघितला, आणि तो नेमका माझा घरवाला निघावा! हसू का रडू, सांगा.

फारूख मिस्त्री त्यांचं नाव. शहागंजात वजनं-तराजू दुरुस्तीचं दुकान, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरून वजन पुरं करायचं, मग सरकारी शिक्का. पण वापरून लोखंड झिजतं आणि गिऱ्हाइकाला माल कमी जातो. म्हणून सासऱ्यांची रीत, चिमूटभर शिसं जास्तच घालायचं. "कमी तोललं तर वर जाब द्यावा लागंल," म्हणायचे. मिस्त्रींनी तीच रीत धरली.

वजनमाप खात्याचे जुने साहेब दोन-चार वजनं बघून शिक्का मारायचे. यंदा फुलंब्रीच्या रामकिसन किराणावाल्यानं मिस्त्रींच्या वजनानं तोलून माल घटतो म्हणून तक्रार केली. नव्या साहेबांनी मिस्त्रींची चाळीस वजनं मशीनवर ठेवली. चाळीसच्या चाळीस जड! परवान्याचं नूतनीकरण अडकलं. जाणूनबुजून छेडछाड केली, असा ठपका. परवाना नाय म्हणजे दुकानाला कुलूप.

सुनावणीला मी सोबत गेले. साहेब तसे बरे होते. म्हणाले, "मुद्दाम केलं का चुकून झालं, ते लिहून द्या."

बाहेर बाकड्यावर बसलो. मिस्त्री उर्दू शाळेत शिकलेले, मराठी लिहायचं म्हटलं की कागद माझ्याकडं.

"लिही," म्हणाले, "मुद्दाम केलं. अब्बांनी शिकवलं तसं केलं."

माझं टाळकंच सरकलं. "अहो, डोकं ठिकाणावर हाय का? केस करतील! हात चुकला म्हणून लिहिते मी."

"सगळी वजनं सारखीच जड हायेत, सगीरा. ज्याचा हात चुकतो त्याचं एक कमी येतं, एक जास्त. ही चूक नाय."

"ते तुम्हाला कळतं, साहेबाला नाय! लई झाली तुमची कारागिरी. अल्ला के वास्ते, दुकान वाचवा!"

मी भांडले, रडले, येणारे-जाणारे बघत होते तरी थांबले नाय. शेवटी म्हणाले, "लिही, काय लिहायचं ते." मी लिहिलं, 'वयामुळं नजर मंदावली, हात चुकला, माफी असावी.' नजरेचं तर मी माझ्याच अकलेनं घातलं, साहेबाला दया यावी म्हणून. मिस्त्रींनी न वाचता उर्दूत सही केली.

आठ दिवसांनी निकाल आला. मंजुषा मॅडम म्हणून तिथल्या क्लार्क, त्यांनी वाचून दाखवला. "छेडछाडीचा आरोप सिद्ध होत नाही."

"या अल्ला, तेरा शुकर," मी म्हटलं.

"थांबा, पुढं आहे. 'अर्जदारानं स्वतः कबूल केल्याप्रमाणं त्याची नजर मंद असून हात चुकतो. अशा व्यक्तीकडं वजनं सोपवणं लोकहिताचं नाही. नूतनीकरण नामंजूर.'"

मी टेबल धरून म्हटलं, "मॅडम, ते खोटं हाय हो! माझ्या मनानं लिहिलं मी. यांची नजर अजून सुईत दोरा ओवते."

"मग सरकारला खोटं लिहून दिलं का तुम्ही?"

व्हय म्हटलं तरी मेलो, नाय म्हटलं तरी मेलो.

मागं उभे असलेले मिस्त्री पुढं झाले. "मॅडम, परवाना नका देऊ. तेवढा कागद परत द्या."

"मिस्त्री, त्यावर आवक नंबर पडलाय. तो आता फाइलीतच राहणार."

"नका देऊ परवाना. पण माझा हात चुकतो, असं फाइलीत राहू देऊ नका."

मॅडमनी फाइल मिटली. मिस्त्री हात पुढं करून तसेच उभे. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणापुढं हात पसरला नाय, त्याला मी पसरायला लावला.

मी त्यांची बाही धरली. "चला, घरी चला."

"तू जा," म्हणाले.