क्लेमच्या बॅटीला फुटलेला घाम

"घाम फुटला! बॅटीला घाम फुटला!"

बेसबॉलच्या मैदानातल्या तंबूत एकच गलका उडाला. तीनचारशे माणसं बाकांवर चढली. पांढऱ्या सुटातला फिरता धर्मोपदेशक ब्रदर क्रीच मंचावर दिव्याखाली बॅट आडवी धरून उभा होता आणि मुठीवरच्या जुन्या पट्टीतून तेलकट थेंब खरंच ओघळत होते.

"हा नुसता दांडा नव्हे, बहिणींनो! क्लेम यारबरोनं शेवटचा चेंडू याच बॅटीनं नदीपार धाडला! मरताना तो म्हणाला, 'प्रभू, माझं बळ या लाकडात ठेव!' डॉक्टर बिल देतो, प्रभू बळ देतो!"

क्लेम आमच्या गावचा हिरा. सेहेचाळीस साली तो ट्रकखाली जागच्या जागी गेला. त्याला प्रार्थनेला वेळ कुठून मिळाला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

ब्रदरनं होमर स्कॅग्जच्या गुडघ्यावर बॅटीची मूठ फिरवली. म्हातारा ओरडला, "ऊब आली! पार हाडात गेली!"

"पण बॅट क्लेमचीच कशावरून?" मागून कुणीतरी विचारलं.

"साक्षीदार तुमच्यातच बसलीय," ब्रदर हसला. "ऑर्फामावशी, या वर!"

गेले. का नाही जाणार? गावच्या बॅटीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मी डाग देत होते. तापलेल्या ठशावरून बॅट फिरवायची, की खेळाडूचं नाव लाकडात जळून उमटतं. शाळा मी तिसरीत सोडली, पण माझा डाग मी डोळे मिटूनही ओळखीन. फिरवताना शेवटी माझा हात जरा रेटतो आणि शेवटचं अक्षर काळंकुट्ट होतं. मुकादम ओरडून थकला, मी सुधारले नाही. चष्मा लावून पाहिलं. शेवटचं अक्षर काळंकुट्ट.

"हा डाग माझ्या हातचा!" मी ठणकावलं. "कुणाला शंका असेल त्यानं माझ्यासमोर यावं!"

कोण येणार? तंबू नाचायला लागला.

माझ्या धाकट्या बहिणीला, लिओटाला, साखरेचा आजार. पायाच्या जखमेला रोज मलमपट्टी, रोज सकाळी इन्सुलिनची सुई. सोमवारी तिनं दोन्ही बंद केलं.

"बॅट लावून घेतलीय मी. आता टोचणं नको."

"अगं, डॉक्टरांना तरी विचार."

"का? तूच सांगितलंस ना चारचौघांत, खरी आहे म्हणून? आता तुझ्याच शब्दाला मी खोटं पाडू?"

मी गप्प. कारण त्याच सकाळी शेंगा मोडता मोडता मी बोटांवर वर्षं मोजली होती. डागावर मी बसले बावन्न साली. क्लेमला पुरून तेव्हा सहा वर्षं झाली होती. डाग माझा असेल, तर बॅट क्लेमची असूच शकत नाही.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दुकानात बाया वाट सोडत होत्या, "मावशी, तुमच्यामुळे कळलं हो!" म्हणत होत्या. आपलीच थुंकी गिळायची कशी? मी चार दिवस गिळली नाही.

शुक्रवारी लिओटा चुलीपाशी कोसळली. श्वासाला सडक्या फळांचा वास, पाय काळानिळा.

"इन्सुलिन कुणी बंद केलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी भिंतीकडे बघत राहिले. संध्याकाळी तिच्या पायाची दोन बोटं कापली.

शनिवारी सकाळी मी कारखान्याच्या दप्तरखान्यात गेले. तिथं ल्युसिल प्रुइट जुनी कार्डं सांभाळते.

"मावशी, आज इकडं कशा?"

"क्लेमचं कार्ड काढ, पोरी. आणि मोठ्यानं वाच."

खेळाडूनं मागवलेली प्रत्येक बॅट तिथं नोंदलेली असते: तारीख, लांबी, वजन. ल्युसिलनं वाचलं. "शेवटची मागणी, एप्रिल सेहेचाळीस. सहा बॅटा, छत्तीस इंच, एकोणचाळीस औंस. याहून लहान त्यानं कधीच मागवली नाही."

"आणि पुढं बावन्नपासून मी त्याच्या नावानं डागल्या त्या?"

"त्या दुकानात विकायच्या, शाळकरी मुलांसाठी. त्याचं नाव खपत होतं ना." मग तिनं चष्म्यावरून पाहिलं. "मावशी, हे तुमच्या ध्यानात आलं नव्हतं?"

"आलं होतं," मी म्हणाले. पहिल्यांदाच तोंडानं म्हणाले.

रविवारी ल्युसिलला घेऊन मंचावर चढले. तिच्या हातात कार्ड, माझ्या हातात शिवणकामाची पट्टी, कात्री आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

"श्रद्धेला पट्टी लावता, मावशी?" ब्रदर कळवळला.

"श्रद्धेला नाही, बॅटीला लावतेय. धर सरळ!"

तेहेतीस इंच. एकतीस औंस. ल्युसिलनं कार्ड वाचलं, मी माझं साल सांगितलं.

"मग माझ्या गुडघ्यातली ऊब?" होमरनं विचारलं.

मी कात्रीनं बॅटीच्या मुठीवरची पट्टी कापली. आत लाकडाला खाच, खाचेत तेलात भिजवलेला कापूस. दिव्याची धग आणि तळव्याची ऊब मिळाली की तेल झिरपायचं. होमरनं वास घेतला आणि तो उडालाच.

"अरे, हे तर माझ्या घोडीच्या पायाला चोळतो ते कापूर-मिरचीचं तेल!"

"मग घोडीलाही ऊब लागत असेल ना?" मी म्हणाले. "ती कुठं प्रार्थना करते?"

लोक खदखदून हसले. "मीही फसलो," म्हणत ब्रदर मागच्या बाजूनं सटकला. मग टाळ्या सुरू झाल्या. "मावशींनी गाव वाचवलं!"

"बंद करा टाळ्या," मी म्हणाले. "मला हे सोमवारीच कळलं होतं. तुम्ही दिलेला मान गोड लागला म्हणून गप्प बसले. लिओटाची बोटं ब्रदरनं एकट्यानं नाही कापली."

टाळ्या थांबल्या. ते बरंच झालं.

लिओटाला आता रोज सुई मीच टोचते. ती मला दोष देत नाही, तेच जास्त टोचतं. म्हणून सांगते. साक्षीदाराचे पिकलेले केस बघून मान डोलवू नका. लिहिलेलं कुठं आहे, मोजलं कुणी, ते विचारा. औषध बंद करायचं, तर ज्यानं दिलं त्या डॉक्टरला विचारा. त्या पहिल्या रविवारी तंबूत चारशे माणसं होती. एकानं जरी विचारलं असतं, "मावशी, डागावर तुम्ही कोणत्या साली बसलात?" तर मला खरं तेच सांगावं लागलं असतं.