शरयूची दोन मिनिटं

माझी बायको शरयू चैत्रात वारली, पण अजून रोज कोर्टात येते. कोर्ट तिच्यासाठी उभं राहिलं नाही, म्हणून. आमच्या तालुक्यात वकील गेला की न्यायाधीशांसकट सगळे दोन मिनिटं उभे राहतात. तेवढ्यात गेलेला माणूस आपली बॅग उचलून कायमचा निघून जातो. ही मिनिटं फक्त वकील संघाच्या सभासदांना मिळतात आणि शरयू कधी सभासद झालीच नाही. "वकिलीची सनद आहे, कोट आहे, पुरे की. जबरदस्तीचा गोतावळा मला नको," म्हणायची. हट्टी बाई. मला तिचा तोच हट्ट आवडायचा, काय करणार.

ती विरत चालली होती. आधी पावलं गेली, मग गुडघे. नुसता काळा कोट पायऱ्या चढून यायचा आणि बाररूमबाहेरच्या बाकावर टेकायचा. अंग जात होतं, दमणूक तेवढी उरत होती.

"दमले हो," ती म्हणायची. मला बघवत नव्हतं.

शेवटी संघाच्या अध्यक्षांकडे, बोधनकरांकडे गेलो. बाररूम त्या दिवशी लांबली होती. त्यांच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर हातातला चहा गार झाला.

"पाण्यात राहून माशाशी वैर केलं वहिनींनी," ते म्हणाले. "आता माझ्या हातात काय आहे?"

"मी सभासद आहे ना? माझी मिनिटं तिला द्या."

त्यांनी चष्मा पुसला. "देता येतील. पण नाव तुमचंच घ्यावं लागेल. आणि परत मिळायची नाहीत, कमलाकरराव."

"चालेल," म्हटलं. शरयूला बोललो नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती.

सकाळी कोर्ट भरलं. बोधनकरांनी माझं नाव घेतलं, माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलले. सगळे माना खाली घालून उभे राहिले. मीही राहिलो. तेवढ्यात दारातून शरयूचा कोट आत आला. बघता बघता त्याखाली पाय आले, त्या जुन्या चपलांसकट. ती माझ्यापाशी थांबली. अशा वेळी बोलायचं नसतं, पण ती बोलली.

"मला विचारलं होतंत?"

"नाही."

"एवढा संसार केलात माझ्याबरोबर, तरी विचारलं नाहीत," ती म्हणाली. बॅग उचलली आणि मागे वळून न बघता बाहेर गेली. मला रडू फुटलं. मान कुणी वर केली नाही.

मिनिटं संपली, सगळे बसले. शिपायाने माझ्याच कामाचा पुकारा केला. मी पुढे होऊन म्हटलं, "हजर आहे, साहेब."

साहेब दाराकडे बघत राहिले. "वकील कुठे आहेत?"

माझी पक्षकार, म्हातारी सखूबाई, पदराने डोळे पुसत उठली. "आत्ताच गेले, साहेब."

मी खाली बघितलं. पावलं दिसेनात. बाहेर जाऊन शरयूच्या बाकावर टेकलो. फार दमलो होतो.