कोनाड्यातली काजळी

"नाय सुभेदार, आमचा कवी असं बोललाच नाय," अर्देशीरशेठ म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

दादासो सुभेदारांचा चेहरा असा पडला, की जणू कुणी त्यांची पदकंच खोटी ठरवली.

"न्हाई कसं? आमच्या कॅप्टनसाहेबानं छापील पुस्तकातनं शिकवलंय मला. चाळीस वरसं पाठ हाय!"

"साहेब इंग्लिश, पुस्तक इंग्लिश. पण कवी तर आमचा ना?"

दादासो महिन्याच्या महिन्याला कोरेगावहून एस.टी.नं साताऱ्याला पेन्शनीला येत आणि मग या इराणी हॉटेलात बसत. शेठ मूळचे इराणातल्या यझदचे, आणि दादासो दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर तिथं राहून आलेले. दोघांच्या गप्पा तिकडच्या थंडीच्या, खरबुजांच्या, डाळिंबाच्या बागांच्या. कवितेची गोष्ट मात्र दादासोंनी कधी काढली नव्हती. एवढ्या मिशांचा माणूस आणि कविता म्हणतोय, लोक हसायचे! पण आज नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले, मन हलकं झालेलं होतं, आणि त्या भरात बोलून गेले.

इंग्रजीत होतं ते असं: वाऱ्या, जा, तिला सांग, मी वाट बघतोय; दिवा लावलाय, दार उघडं आहे.

शेठनी डोळे मिटले आणि आपल्या भाषेत दोन ओळी म्हटल्या, सावकाश, शेवटचा शब्द लांबवत. गल्ल्यावरची चिल्लर वाजायची थांबली. दादासोंना शब्द कळले नाहीत, पण तिथली संध्याकाळ, चिनारांची सळसळ, सगळं एकदम अंगावर आलं.

"मतलब सांगतो," शेठ म्हणाले. "वाऱ्या, तिला सांगू नको. तिनं पुसलंच, तर बोल, दिवा आपला जळतोय. बस, एवढंच. साहेबाला वाटलं असेल, आशिक असून मागत कसा नाय? म्हणून त्यानं मागायला लावलं."

दादासोंचा चहा निवून गेला. ही ओळ त्यांनी ऐकलेली होती. फारसीत नव्हे, स्वतःच्या घरात.

एस.टी.त खिडकीशी बसल्यावर त्यांचा डोळा लागला की नाही, कोण जाणे. माहुलीच्या पुलावर कृष्णेचं पाणी उन्हात चमकलं आणि त्यांना वाटलं, आपण परत तंबूत आहोत, मांडीवर कागद घेऊन चंद्राबाईला पत्र लिहितोय. ती कविता त्यांनी तेव्हा मराठी करून धाडली होती. म्हटलं, बायको कळवील, मीही वाट बघतेय. उत्तर आलं गावातल्या मास्तरांच्या अक्षरात: म्हैस व्याली, रेडकू झालं, मामंजी बरे आहेत, काळजी नसावी. संपलं! तंबूत बसून त्यांनी ते पत्र उलटंपालटं करून पाहिलं होतं. कुठंतरी कोपऱ्यात एखादा शब्द असेल म्हणून.

नव्हता. आणि तेव्हापासून एक गोष्ट त्यांच्या काळजात रुतून बसली ती बसलीच, की आपली वाट कुणी पाहिली नाही. संसार झाला, पोरंबाळं झाली, भांडणं झाली, समेट झाले. पण हे विचारायचं धाडस या सुभेदाराला झालं नाही.

लढाई संपवून घरी आले, तेव्हाची एक सकाळ त्यांना आठवत होती. चंद्राबाई जात्यावर बसून गात होती, त्यांच्याच कवितेची ओवी करून. पण उलटी! यांनी उंबऱ्यातूनच हटकलं, "अगं, सांग असं हाय त्यात. सांगू नगं न्हाई. पुस्तकात तसंच छापलंया." पुन्हा तिनं ती ओवी म्हटली नाही. आणि आता ओवीतले शब्द म्हणाल, तर दादासोंना आठवत नव्हते. पुस्तकातली ओळ मात्र स्वल्पविरामासकट पाठ!

घरी लग्नाची झुंबड होती. लेक जाईबाईनं सांगलीहून हळकुंडं पाठवली होती. वैरणीखालचं जातं काढून, धुऊन, ओसरीवर मांडलं होतं. बायकांनी रात्रीपर्यंत उखळात हळद कुटली, जात्यावर दळली, गाणी म्हटली. दादासो भिंतीआड कान देऊन बसले. चंद्राबाई नवरीची गाणी म्हणाली, व्याह्यांची टर उडवणारी म्हणाली. ते एक काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर निवांत झालं. सून आणि नात बांगड्या भरायला गेल्या. सुपात हळदीचा थोडा भरडा उरला होता, तो दळायला चंद्राबाई एकटीच बसली. दादासो आले, धोतर सावरलं आणि मटकन समोर बसून जात्याचा खुंटा धरला.

"आवं! ह्ये काय खूळ?"

"दळू लागतो."

"बापई मानूस जात्यावर? कुनी बगितलं तर गावभर व्हईल!"

"हुंदे. तू ती ओवी म्हन. वाऱ्याची."

चंद्राबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "ती तर चुकल्याली हाय. तुमीच म्हनला हुता."

"म्या चुकलो. साहेबबी चुकला. ज्यानं पयलांदा लिवली, त्यानं तुज्यागतच लिवलीया. कालच इराणीशेठनं सांगितलं."

ती हसली. मोठी हसली नाही, तोंडाला पदर लावून हसली. मग जातं फिरायला लागलं. म्हाताऱ्याचा हात कधी पुढं, कधी मागं, खुंट्याची ओढाताण होत होती. चार फेऱ्यांनी लय लागली आणि तिनं बारीक आवाजात सूर धरला:

वाट बगते मी अशी, सांगू नगं वाऱ्या भावा
इचारलंच तर म्हन, जळतुया आपला दिवा

दादासोंची मान वर झाली. समोर भिंतीत कोनाडा होता, आणि कोनाड्यापासून थेट तुळईपर्यंत काजळीचा काळा पट्टा. लढाईत रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हा गोड्या तेलावर जळलेल्या दिव्याचा. परत आल्यावर त्यांनी विचारलं होतं, एवढं तेल कशापायी जाळलं? तेव्हा ती म्हणाली होती, जळत हुता आपला. आणि यांनी उधळी म्हणून तिला बोल लावला होता.

"बगत हुतीस व्हय गं वाट?"

चंद्राबाईनं सुपातली मूठभर हळद जात्यात टाकली. "वडा की. थांबलासा का?"

ते ओढू लागले.

तेवढ्यात गुंडा रंगारी चुन्याची बादली घेऊन आत आला. सुभेदाराला जात्यावर बसलेला पाहून त्याला हसावं की पळावं कळेना. तसाच भिंतीकडं वळला आणि त्यानं कोनाड्यावर कुंचा उचलला.

"गुंडा," दादासो म्हणाले, "तेवढं ऱ्हाऊ दे."

"आवं सुभेदार, मांडव पडायचाय दारात. पावनं काय म्हनतील? लय काळं दिसतंया."

"दिसू दे," ते म्हणाले आणि पिवळ्या झालेल्या हातांनी पुन्हा खुंटा धरला.