पद्माकररावांवरचा चुकीचा शिक्का

मित्रांनो, लंडनमधल्या हॅरोजवळच्या एका इस्पितळात वॉर्डच्या कोपऱ्यात उभे असलेले चाकांचे जुने यंत्र मी. पोटावर माझी दांडी टेकवली, की आत लघवी किती साठली आहे ते मी आकड्यात सांगते. हसू नका. मी नवे होते तेव्हा माझ्यासाठी नर्सेसमध्ये ओढाताण चाले. हल्ली माझ्यावर टॉवेल टाकतात. पण माझा राग टॉवेलांवर नाही.

खुब्याचे ऑपरेशन झालेले पद्माकरराव, नागपूरचे निवृत्त मास्तर, सोमवारी मजेत शब्दकोडे सोडवत होते. बुधवारी सकाळी ते नर्सवर ओरडले, सुनेला, मनीषाला, ओळखेनात, सारखे उठून निघू लागले. कुठे जायचे आहे, हे कोणी विचारले नाही. इंग्लंडातच जन्मलेल्या, मोडके मराठी बोलणाऱ्या डॉक्टर जय यांनी सुनेमार्फत एवढेच विचारले, की लघवीचा काही त्रास आहे का.

पद्माकररावांनी तोंड फिरवले. "ठीक आहे सगळं." सुनेसमोर असले कोण बोलणार?

"हा डिमेन्शिया आहे बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "सोशल वर्करला बोलतो मी. केअर होमचा बघायला लागेल." त्यांनी मनीषाच्या हातात अशा वृद्धाश्रमाचे माहितीपत्रकही ठेवले.

"अहो, परवा त्यांनी माझ्या आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं," मनीषा रडकुंडीला येऊन म्हणाली. कोणी ऐकले नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवसांत कुणाचे डोके असे जाते का? मी दहा पावलांवर होते, तेही चार्जिंग संपून.

दुपारी मुंबईच्या नर्स स्वाती ड्युटीवर आल्या. त्यांनी आमटीची गोष्ट नीट ऐकली, मनीषाला चहाला पिटाळले आणि पडदा ओढला.

"बाबा, लघवी कधी झाली होती?"

पद्माकररावांचा हात पोटावर गेला. "काल... नाही. होतच नाहीये हो."

स्वातींनी टॉवेल भिरकावला, मला प्लगला लावले. माझा आकडा होता नऊशे ऐंशी मिलिलिटर; एरवी चारशेलाच माणूस धावतो. नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी केली, तेव्हा कुठे त्यांचा डोळा लागला; त्या कळांनीच त्यांचे भान हरपले होते.

शुक्रवारी दुपारी डब्यातली आमटी चाखून ते म्हणाले, "सूनबाई, आज मीठ बरोबर पडलंय." मनीषाने पर्समधले माहितीपत्रक काढले आणि फाडून टाकले. डॉक्टर जय यांनी फाइलमधला 'डिमेन्शिया' हा शब्द खोडला, कान लाल करून.

मित्रांनो, परवापर्यंत शहाणा असलेला माणूस आज बरळू लागला, तर आधी त्याचे काय दुखते ते शोधा. त्याला एकटे गाठून, त्याच्या भाषेत विचारा. आणि मला चार्जिंगला लावून ठेवा.