डावं चाक

जॅकवर उचललेल्या, घोडे न्यायच्या ट्रेलरचं डावं चाक मिस्त्रीनं हातानं फिरवलं. ते गरगर फिरत राहिलं, कुठेच घासलं नाही. उजवं फिरवलं, तर ते अर्ध्या फेऱ्यातच थांबलं.

तो पाठीवर सरकत खाली गेला. डाव्या ड्रममागचं रबरी बूच जागच्या जागी होतं आणि त्यावर वर्षभराची धूळ थापल्यासारखी बसली होती. ते बूच काढल्याशिवाय आतली दातेरी चकती फिरत नाही, आणि ती फिरवल्याशिवाय ब्रेक कसला जात नाही. म्हणजे इथे कुणी हातच लावला नव्हता.

हात लावायचा होता त्यानंच. पंधरवड्यापूर्वी उजवं चाक कसून होतंय तोच एक गिऱ्हाईक आलं, बोलण्यात वेळ गेला, आणि परतला तो थेट बहिणीच्या गाडीत जाऊन बसला. चाचणीत ब्रेक कमी लागतोय असं वाटलं. का कमी लागतोय ते न बघता त्यानं ट्रेलरच्या ब्रेकचा जोर ठरवणाऱ्या, गाडीतल्या कंट्रोलरचा आकडा चारवरून सातवर नेला.

"झालं, जा बिनधास्त," म्हणाला.

उताराच्या वळणावर बहिणीनं ब्रेक दाबला. ब्रेकनं ट्रेलरचं एकच चाक धरलं आणि ट्रेलर आडवा झाला. तिला खरचटलंही नाही. आतल्या घोडीचा पुढचा पाय मात्र कायमचा अधू झाला.

बहीण तबेल्यावर घोडेस्वारी शिकवायची. दुसऱ्या दिवशी तिथल्या आवारात, मालकीणबाई आणि शिकणाऱ्यांच्या आईबापांसमोर, मिस्त्रीच म्हणाला होता, "माझं काम चोख होतं. हिलाच वेग आवरत नाही, लहानपणापासून." दोघंतिघं हसलेही. आपण दोन्ही चाकं कसली होती का, हे तेव्हा त्यानं आठवून बघितलं नव्हतं. बहिणीला त्याच दिवशी कामावरून काढलं.

मिस्त्रीनं साबणानं दोनदा हात धुतले आणि तिचं घर गाठलं. ती खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"डावं चाक मी कसलंच नव्हतं," तो दारातूनच म्हणाला.

तिनं हातातली घडी पुरी केली. "माहितीये, दादा."

"कसं?"

"क्रेनवाल्यानं तिथेच दाखवलं. रस्त्यावर ट्रेलरचं एकच चाक घासत गेल्याची खूण होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. तेवढ्यात तू बोलायला लागलास. एवढ्या लोकांत तुला खोटं पाडायचं जिवावर आलं."

तो चौकट धरून दारातच उभा राहिला.

"मी मालकीणबाईंना फोन करतो."

"फोन नको. सगळ्यांसमोर बोलला होतास ना."

त्यानं मान डोलावली आणि तो पायऱ्या उतरला.

तबेल्यावर संध्याकाळचा वर्ग नुकताच सुटला होता. आईबाप कुंपणाशी उभे होते. मालकीणबाई घोडीच्या पायाची पट्टी बदलत होत्या. मिस्त्री आवाराच्या मधोमध गेला.

"त्या दिवशी जे झालं," त्यानं सुरुवात केली, "त्यात माझ्या बहिणीची काही चूक नव्हती. ब्रेकचं काम मी अर्धवट सोडलं होतं. आणि वर तिलाच बोल लावला."

मालकीणबाईंनी मान वर केली.

"काय म्हणालात, मिस्त्री? मागच्यांना ऐकू नाही आलं."

तो कुंपणाकडे वळला आणि त्यानं आवाज चढवून पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.