गोमाजीचा कडू काढा

तळेगावच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी गोमाजी एकटाच राहायचा. बायको जिजा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एरवी त्याच्या अंगणात कोणी फिरकत नसे. पावसाळा सरून थंडीतापाची साथ आली, की मात्र माणसं यायची. गोमाजी भुईनीम आणि गुळवेल उकळून काढा द्यायचा. कोणी घोंगडी पांघरून कुडकुडत बसे, कोणी तोंड वाकडं करत काढा गिळी, कोणी घरातल्या भानगडी सांगत रेंगाळे. तेवढ्या दिवसांत गोमाजीला बोलायला माणूस मिळे.

अठ्ठ्याहत्तर साली साथ जोरात होती. वर्ध्याहून डॉक्टर विमलाबाई आल्या. काढ्यानं हिवताप खरंच जातो का, हे त्यांना पाहायचं होतं. आधी रोग्याच्या बोटाचं रक्त काचेवर घ्यायचं, मग काढा द्यायचा, काही दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं. ज्याच्या रक्तात जंतू उरतील त्याला गोळ्या. कोणाची तब्येत बिघडली, तर वाट न पाहता गोळ्या.

"काढा कामाचा नाई निंगला त?" गोमाजीनं विचारलं.

"तर तसं सांगावं लागेल. तुम्हाला नको असेल, तर मी नाही करणार."

गोमाजीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "करा बाई," तो म्हणाला. "मले बी समजू द्या."

दिवाळी झाल्यावर विमलाबाई पुन्हा आल्या आणि बाजेवर बसल्या.

"बहुतेकांचा ताप उतरला," त्या म्हणाल्या. "पण त्यातल्या पुष्कळांना हिवताप नव्हताच. तो ताप आपोआपही गेला असता. ज्यांना हिवताप होता, त्यांना काढ्यानं जरा बरं वाटलं, भूक लागली. पण जंतू राहिले. एक-दोघांचेच गेले."

गोमाजीनं मान हलवली. मग खाली पाहत म्हणाला, "जिजाले असाच ताप आलता. म्याच काढा पाजला. पावसाचे दिवस होते, भुईनीम नीट वाळली नोती. मले वाटे, मायाच हातून काढा बिघडला, म्हून ते गेली. कोणाले सांगतलं नाई."

"काढा चांगला झाला असता, तरी ती वाचली असती असं मला नाही वाटत. तुमच्या हाताची चूक नव्हती."

"अन् गोळ्या भेटल्या असत्या त?"

"वाचली असती बहुतेक," विमलाबाई म्हणाल्या.

गोमाजी उठून घरात गेला. बाहेर यायला त्याला वेळ लागला. आला तेव्हा हातात चहाची कपबशी होती, आणि डोळे लाल होते.

गावात गोष्ट पसरली ती वेगळीच. गोमाजीचा काढा खोटा निघाला, असं लोक बाजारात बोलू लागले. पुढच्या साथीला अंगण रिकामंच राहिलं. गोमाजी सवयीनं दारात बसे. वाटेनं जाणारे मान वळवून पुढं निघत.

एका दुपारी गावातला तानबा आला. दात वाजत होते.

"काढा दे गोमाजी. तिकडं दवाखान्यात सुई टोचते, मी नाई जात."

"पह्यले रक्त देऊ. चाल, मी येतो संगं."

"काऊन? तुयाच काढ्यावर तुया भरवसा नाई?"

"हाये. जेवढा हाये तेवढाच हाये."

तानबा कुरकुरला, पण उठला. त्याला धरून गोमाजी तळेगावच्या दवाखान्यात घेऊन गेला. काचेवर रक्त घेतलं, गोळ्या मिळाल्या. तोवर तानबाचा लेक बैलबंडी घेऊन आला आणि बापाला घरी घेऊन गेला. बंडीत जागा होती, पण कोणी विचारलं नाही. गोमाजी पायीच परतला.

पुढच्या बाजाराला तानबा भाजी घेताना दिसला, चांगला ठणठणीत. त्यानं लांबूनच हात वर केला. गोमाजीनंही केला. मग तानबा गर्दीत मिसळला, आणि गोमाजी एकट्यापुरती भाजी घेऊन डोंगराच्या वाटेला लागला.